घास कोणाच्या हातचा? : अतिस्थूल देह आणि त्याला सांभाळणारी माणसे

डॅरन ॲरोनॉफ्स्की यांच्या ‘द व्हेल’ (२०२२) या चित्रपटावर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक ब्रेंडन फ्रेझर यांच्या अंगावर चढवलेल्या कृत्रिम देहाबद्दल होते. तो देह किती खरा वाटतो, तो घडवायला किती तास लागत, असा देह दाखवणे हीच क्रूरता आहे की करुणा, या प्रश्नांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. फ्रेझर यांना अभिनयाचे ऑस्कर मिळाले, रंगभूषेलाही मिळाले आणि चर्चा तिथेच थांबली. मला मात्र त्या चित्रपटातली सर्वांत महत्त्वाची वस्तू सँडविच वाटते. सुमारे सहाशे पौंड वजनाचा चार्ली आयडाहोतल्या आपल्या घरातून बाहेर पडत नाही. लिझ ही परिचारिका त्याच्याकडे येते, रक्तदाब मोजते, इस्पितळात चल म्हणून विनवते, रागावते, रडते. आणि हीच लिझ त्याला मांसाचे गोळे घातलेले लांबलचक सँडविच आणून देते. ते खाताना घास अडकून त्याचा जीव कासावीस होतो तेव्हा पाठीवर बुक्क्या मारून त्याला वाचवतेही तीच.

घास देणारा आणि घशातून घास काढणारा हात एकच. गेली काही वर्षे अतिस्थूल माणसांविषयीच्या कादंबऱ्या, नाटके आणि चित्रपट जमेल तसे मिळवून मी वाचत-पाहत आले. मी साहित्याची विद्यार्थिनी नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. त्यामुळे असेल कदाचित, पण या प्रत्येक कलाकृतीत मी एक नोंद ठेवत गेले: हे अन्न आले कुठून? ते घरात कोणी आणले? जो माणूस उठून दारापर्यंत जाऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत अन्न पोहोचते ते कोणाच्या तरी हातून. तो हात बघायचा, असे ठरवले की या कलाकृती अगदी वेगळ्या दिसू लागतात.

प्रथम थोडे शब्दांविषयी. बोलण्यात ‘लठ्ठपणा’ म्हणजे पोट सुटण्यापासून सगळे काही. वैद्यकात तीव्र किंवा तिसऱ्या श्रेणीचा लठ्ठपणा म्हणजे देहभार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक. म्हणजे पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाचे वजन ९९ किलोंच्या पुढे. चार्ली या रेषेच्याही कितीतरी पलीकडे आहे. त्याच्यासारख्या माणसाला चालणे, अंघोळ, शौच, कूस बदलणे या सगळ्यांसाठी दुसऱ्याचा आधार लागतो. माझा विषय तो दुसरा माणूस आहे.

हा दुसरा माणूस आपल्या परंपरेला अनोळखी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा, सेवा करणारा. त्याचे गुणही चार: उपचाराची जाण, कामातली दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. त्याच सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात, ‘अष्टौनिन्दितीय’ या नावाच्या, लोक ज्यांची निंदा करतात अशा आठ प्रकारच्या देहांमध्ये अतिस्थूलाची गणना आहे. अध्यायाच्या नावातच निंदा असली तरी कारणे सांगताना केवळ अतिभोजनावर बोट ठेवलेले नाही. आराम, निश्चिंतता, दिवसाची झोप यांच्याबरोबर बीजस्वभावही, म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्मही, कारणांत आहे. आणि अतिस्थूल व अतिकृश हे दोघे कायमचे व्याधिग्रस्त, म्हणून त्यांच्यावर सतत उपचार करीत राहावे असेही सांगितले आहे. सतत! या एका शब्दात किती माणसांची किती वर्षे जातात याचा हिशेब संहितेत नाही. तो शोधायला मी कादंबऱ्यांकडे गेले असे म्हटले तरी चालेल.

लिझला चरकाच्या कसोटीवर घासून पाहू. ती प्रशिक्षित परिचारिका आहे, म्हणजे उपचाराची जाण आहे. ती दक्ष आहे; चार्लीला बसेल अशी रुंद चाकाची खुर्चीही शोधून आणते. अनुराग तर इतका की तिचा भाऊ ॲलन, जो चार्लीचा जोडीदार होता आणि धर्माच्या नावाने घरच्यांनी झिडकारल्यावर अन्न टाकून खंगून मेला, त्याच्या मागे उरलेला एवढा एकच माणूस तिला आहे. भाऊ न खाऊन गेला. आता हा खाऊन चालला आहे. चारही गुण असलेली उपस्थाता आणि तरी रोगी मरतो. मूळ नाटककार सॅम्युअल हंटर यांनी (नाटक २०१२ सालचे) इथे फार कठीण गोष्ट मांडली आहे. एका माणसाला अन्न घ्यायला लावता आले नाही, ही जिच्या आयुष्यातली हार, ती दुसऱ्याच्या पुढ्यातून अन्न उचलू शकत नाही. सँडविच आणणे हा तिचा दुबळेपणा वाटत असेल तर ॲलनची गोष्ट पुन्हा ऐकावी.

रोक्सेन गे यांनी डिसेंबर २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या चित्रपटावर कडक टीका केली. स्थूल देहाचा तमाशा मांडला आहे असे त्यांचे म्हणणे होते, आणि देहाच्या चित्रणापुरते मला ते बव्हंशी पटते. चित्रपटाची चौकट मुद्दाम जवळजवळ चौकोनी ठेवलेली आहे. चार्ली त्यात कोंबल्यासारखा दिसतो, आणि तो खातो तेव्हाचे संगीत भयपटाला शोभेलसे आहे. पण मला दुसरा दोष मोठा वाटतो. लिझ इतकी वर्षे काय करते, तिची पाठ दुखते का, रात्रपाळी करून ती इथे येते तेव्हा कोण तिच्यासाठी चहा ठेवते, हे चित्रपटाला विचारावेसे वाटत नाही. चार्लीकडे लाखाहून अधिक डॉलर साठवलेले होते आणि पैसे नाहीत असे सांगून तो इस्पितळ टाळत होता, हे कळल्यावर तिचा जो संताप होतो तो चित्रपटातला सर्वांत खरा क्षण आहे. तिच्या श्रमाचा पगार कोणीतरी बुडवला आहे, तेही तिला न विचारता. पण लगेच कथा मुलीकडे वळते, बापाच्या उद्धाराकडे वळते, शेवटी प्रकाशाकडे वळते. उपस्थाता मागे राहते.

आता ‘व्हॉट्स ईटिंग गिल्बर्ट ग्रेप’ (१९९३). पीटर हेजेस यांची कादंबरी आणि पटकथाही त्यांचीच. दिग्दर्शक लासे हालस्ट्रॉम. आयोवातले एंडोरा हे गाव. बापाने आत्महत्या केल्यापासून आई बॉनी घराबाहेर पडलेली नाही. थोरला गिल्बर्ट किराणा दुकानात काम करतो, मतिमंद धाकट्या भावाला सांभाळतो, बहिणींच्या बरोबरीने आईलाही. इथे खाऊ घालण्याचा गाजावाजा नाही. ताटे येतात, ताटे जातात, टेबलच आईच्या सोफ्यापर्यंत सरकवले जाते. मला या चित्रपटात मोलाचे वाटते ते लाकूडकाम. आईच्या वजनाने जमीन खचू लागली आहे, म्हणून गिल्बर्ट आणि त्याचा मित्र तळघरात जाऊन खालून टेकू देतात. वर आई बसलेली, तिला यातले काही कळू द्यायचे नाही. खाली मुलगा तिच्या भाराखाली तुळया ठोकतो आहे. कुटुंबातल्या शुश्रूषेचे याहून नेमके चित्र मला अन्यत्र आढळले नाही. उपचार नव्हे, सुधारणा नव्हे, फक्त घर कोसळू न देणे.

आणि हाच गिल्बर्ट गावातल्या लहान मुलाला उचलून खिडकीतून आई दाखवतो. जनावर दाखवावे तशी. चित्रपट त्याची सफाई देत नाही, हे दिग्दर्शकाचे शहाणपण. सांभाळणाऱ्याला शरम वाटते, आणि त्या शरमेची वाट मायेच्या वाटेशेजारूनच जाते. पुढे धाकट्याला पोलिसांनी धरल्यावर बॉनी स्वतः ठाण्यात जाते, लोक हसतात, फोटो काढतात. ती वरच्या मजल्यावरच्या पलंगावर मरते तेव्हा तिला उतरवायला क्रेन लागेल, पुन्हा गर्दी जमेल, हे मुलांना दिसते. ती सामान बाहेर काढतात आणि आईसकट घर पेटवून देतात. अमेरिकन समीक्षेत या आगीला मुक्तीचे प्रतीक म्हटले जाते. मी तिला अंत्यसंस्कार म्हणेन. आपल्या वाचकाला ते समजावून सांगायची गरज नाही.

बॉनीची भूमिका करणाऱ्या डार्लीन केट्स यांच्या अंगावर रबरी देह नव्हता. त्या स्वतः तेवढ्या स्थूल होत्या. दूरचित्रवाणीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात लेखकाने त्यांना पाहिले आणि भूमिकेसाठी बोलावले. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते रंगभूषेला जमलेले नाही, एवढे म्हणून पुढे जाते.

या सर्वांत जबाबदारीचा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारणारी कादंबरी लायोनेल श्रायव्हर यांची ‘बिग ब्रदर’ (२०१३). निवेदिका पँडोरा विमानतळावर थोरल्या भावाला, एडिसनला, घ्यायला जाते आणि चाकाच्या खुर्चीवरच्या अगडबंब माणसाला ओळखतच नाही. एकेकाळचा देखणा जाझ पियानोवादक. घरी नवरा फ्लेचर काटेकोर खाणारा, सायकल चालवणारा, फर्निचर बनवणारा. त्याने हाताने घडवलेली खुर्ची एडिसनच्या वजनाने मोडते. अखेर पँडोरा संसार बाजूला ठेवून भावाबरोबर वर्षभर वेगळ्या घरात राहते, त्याच्याबरोबर स्वतःही द्रव आहारावर जाते. वजन उतरते. वाचक सुखावतो. आणि शेवटच्या पानांत पँडोरा सांगते की यातले काहीच झाले नाही. तिने भावाला परतीच्या विमानात बसवले होते. तो पुढे मेला. वर्षभराची ती शुश्रूषा तिने मनाने रचली.

हा शेवट फसवणूक आहे अशी तक्रार अनेक वाचकांनी केली. माझे मत उलट आहे. श्रायव्हर यांचा स्वतःचा थोरला भाऊ २००९ मध्ये स्थूलतेतून आलेल्या विकारांनी गेला, आणि त्याला आपल्याकडे आणून सांभाळावे का हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला होता. त्यांनी हे लपवलेले नाही. त्यामुळे कादंबरीचा रचलेला भाग हा मागे राहिलेल्या माणसाचा हिशेब आहे. मी गेले असते तर काय काय मोडले असते: नवरा, धंदा, मुलांशी नाते, स्वतःची भूक. पँडोरा कल्पनेतसुद्धा स्वतःला फुकट सोडवत नाही. प्रत्येक उतरलेल्या पौंडाची किंमत ती संसारातून मोजते. पण श्रायव्हरशी माझे भांडण आहे ते दुसऱ्या जागी. कल्पनेतल्या उपचारात बहिणीची इच्छाशक्ती पुरेशी ठरते. कडक पथ्य, निर्धार, पाळत, आणि देह वितळतो. म्हणजे खरी पँडोरा दोषी ठरते ती याच समजुतीमुळे, की केले असते तर झाले असते. त्या समजुतीलाच कादंबरीने हात घालायला हवा होता.

कारण ती समजूत वैद्यकाने केव्हाच डळमळीत केली आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधले. चरबीच्या पेशींतून निघून मेंदूला साठ्याची खबर देणारे संप्रेरक. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दोन चुलत-मावस नात्यातल्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. एक आठ वर्षांची मुलगी, वजन ८६ किलो. दुसरा दोन वर्षांचा, २९ किलो. दोघांच्याही शरीरात जनुकदोषामुळे लेप्टिन जवळजवळ नव्हते. मेंदूला सतत एकच निरोप: उपासमार चालू आहे. बाहेरून लेप्टिन टोचू लागल्यावर भूक उतरली, वजन उतरले. अशी मुले फार थोडी, हे खरे. पण निदान होईपर्यंत त्यांच्या आईबापांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. प्रॅडर-विली हा १९५६ मध्ये वर्णिलेला विकारही तसाच. पंधराव्या गुणसूत्रातल्या बिघाडाने पोरांना तृप्ती ठाऊक नसते, आणि आईबापांना स्वयंपाकघराला, फ्रिजला कुलपे लावावी लागतात. तिथे कुलूप हेच वात्सल्य. दुर्मीळ विकार बाजूला ठेवले तरी वजन घटू लागले की शरीर खर्च कमी करते आणि भूक वाढवते, हे आता सर्वमान्य आहे. एडिसनच्या देहाने बहिणीच्या निर्धाराला इतक्या सहजी मान तुकवली नसती.

तरीही कायद्याचा आणि लोकांचा डोळा पहिल्यांदा सांभाळणाऱ्याकडेच वळतो. जुलै २०११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लिंडसी मर्टाघ आणि डेव्हिड लुडविग यांनी लिहिले की मुलाची स्थूलता जिवावर बेतणारी असेल तर काही प्रसंगी राज्याने त्याला तात्पुरते दुसऱ्या घरी ठेवणेही समर्थनीय ठरू शकते. गदारोळ झाला. लेखकांनी शेवटचा उपाय म्हणून सांगितलेली गोष्ट ‘जाड्या मुलांच्या आईबापांना शिक्षा’ अशी फिरली. २०१२ पासून चालणाऱ्या ‘माय सिक्स हंड्रेड पाउंड लाइफ’ या अमेरिकन मालिकेत तर ‘एनेबलर’ ही एक ठरलेली भूमिकाच झाली आहे. दारूच्या व्यसनाच्या चर्चेतून आलेला हा शब्द: व्यसनीला वाव देणारा. दारू घरातून काढून टाकता येते. अन्न टाकता येत नाही. रोज तीनदा तेच विष आणि तेच औषध मोजून वाढायचे, हे ज्याच्या वाट्याला येते त्याला व्यसनाच्या परिभाषेत बसवणे मला अन्यायाचे वाटते.

आपला ‘जबाबदारी’ हा शब्द बघा. मूळ ‘जवाब’, म्हणजे जो उत्तर देतो तो. मराठीत आपण त्याचे दोन अर्थ एकमेकांत मुरवून टाकले: करायचे काम आणि न झालेल्याचा दोष. ‘आईची जबाबदारी कोणाची?’ आणि ‘याला जबाबदार कोण?’ यांतला फरक वाक्यात कळतो, घरात कळत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझी मोठी आत्या विधवा होऊन सांगलीला आमच्या घरी आली ती शेवटपर्यंत. १९८४ साली तिचे वजन करायचे ठरले तेव्हा डॉक्टरांचा काटा १२० किलोंवर संपत होता. मार्केट यार्डातल्या हळदीच्या ओळखीच्या अडत्याकडे, पोती तोलण्याच्या काट्यावर, रविवारी दुकान बंद असताना वडिलांनी तिला नेले. १४६ किलो. ‘हळदीची दोन पोती आणि वर थोडे,’ असे ती स्वतःच हसून सांगायची. ते हसणे मी फार ऐकले. तिचे सगळे करायची ती माझी आई, म्हणजे तिची वहिनी. आईने एक पोळी कमी वाढली की येणारे-जाणारे म्हणत, नणंदेला उपाशी ठेवते. वाढली तशी वाढू दिली की म्हणत, हिचे लक्ष नाही, नाहीतर बाई एवढी सुटली नसती. दुपारी आई कपडे वाळत घालायला गेली की आजी डब्यातला लाडू आपल्या लेकीच्या हातावर ठेवी. वडील गुरुवारी पेढे आणत. या तिन्ही हातांपैकी दोषाचा हात मात्र एकच ठरलेला होता.

जामी ॲटनबर्ग यांची ‘द मिडलस्टीन्स’ (२०१२) वाचताना म्हणूनच मला शिकागोजवळचे ते ज्यू घर ओळखीचे वाटले. ईडीवरच्या प्रकरणांना तिच्या त्या-त्या वेळच्या वजनाचे मथळे आहेत. पहिल्यात ती पाच वर्षांची, ६२ पौंडांची. बापाने युक्रेनहून येताना भूक भोगलेली, त्यामुळे या घरात वाढणे आणि माया करणे वेगळे नाही. साठीजवळ पोहोचलेल्या ईडीला मधुमेह, शस्त्रक्रिया, आणि नेमक्या त्याच वेळी नवरा रिचर्ड, स्वतः औषधांचा दुकानदार, घर सोडून जातो. सारे त्याला नावे ठेवतात. मुलगी रॉबिन चिडते, मुलगा बेनी टाळतो. मग आईचा आहार हाती घेते कोण? सून रशेल. ती सासूच्या मागावर गाडीने जाते, एकापाठोपाठ एक खाण्याच्या जागी तिला थांबताना बघते, घरात सगळ्यांना वाफवलेल्या भाज्यांवर आणते. ॲटनबर्ग तिची थोडी टर उडवतात. ती टर मला जाचली. नवऱ्याच्या आईच्या देहाचा पहारा सुनेने करायचा, ही वाटणी झाली कधी आणि केली कोणी, हे विचारणे कादंबरीच्या हातात होते. तिच्या बाजूने मात्र एक गोष्ट आहे, जी या सर्व कलाकृतींत फक्त हिच्यात सापडली: चिनी उपाहारगृहाचा मालक केनेथ. तो ईडीसाठी प्रेमाने रांधतो. तिला सुधारायला नव्हे, तिच्यावर जीव जडला म्हणून. तो हात दोषी मानायचा का? लेखिका निवाडा देत नाहीत, आणि तिथे कादंबरी उंच जाते.

मराठीत या विषयाचे काय? स्थूलता आपल्याकडे बहुधा विनोदाच्या खात्यात जमा. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधला (१९५८) ‘उपास’ सर्वांना आठवेल. वजन उतरवायचा संकल्प एकाचा आणि सल्ले अख्ख्या चाळीचे. विनोद म्हणून तो अव्वल आहेच, पण माझ्या नोंदवहीच्या दृष्टीने त्यात एक समाजशास्त्रीय सत्य आहे: देह एकाचा, मालकी सगळ्यांची. सचिन कुंडलकर यांचा ‘वजनदार’ (२०१६) दोन मैत्रिणींच्या वाढत्या वजनावर घरचे कसे तुटून पडतात हे दाखवतो, खेळकरपणे. दोन्हीकडे वजन काही किलोंचे आहे. माणूस चालता-फिरता आहे. अंथरुणाला खिळलेला देह आणि त्याच्या उशाशी बसलेली वहिनी यांच्यापर्यंत मराठी कथा माझ्या वाचनात पोहोचलेली नाही.

बातमी मात्र पोहोचली होती. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधून एका स्त्रीला मालवाहू विमानाने मुंबईत उपचारांसाठी आणले. वजन सुमारे ५०० किलो सांगितले गेले, क्रेनने उचलून तिला इस्पितळात नेले. कुटुंबीयांच्या म्हणण्याप्रमाणे ती २५ वर्षे घराबाहेर पडली नव्हती. महिनोन्‌महिने आपली वृत्तपत्रे किती किलो उतरले याची धावसंख्या छापत होती. मी तेव्हाची कात्रणे ठेवली आहेत. तिच्याबरोबर आलेली बहीण या कात्रणांत ठळकपणे येते ती एप्रिलमध्ये, जेव्हा तिचा आणि डॉक्टरांचा जाहीर वाद होतो. तोवर पंचवीस वर्षे त्या घरात घास कोणी भरवला, कूस कोणी बदलली, हे कोणाला विचारावेसे वाटले नाही. आणि वाद सुरू झाल्यावर ती कृतघ्न की डॉक्टर दोषी, एवढेच दोन रकाने उरले. रुग्ण स्त्रीला पुढे अबू धाबीला हलवले. सप्टेंबरमध्ये ती गेली. बहिणीविषयीचे त्यानंतरचे एकही कात्रण माझ्याकडे नाही.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेते. मी सारखी सांभाळणाऱ्याची बाजू घेते आहे. मग ज्याचा देह आहे त्याचे काय? रोक्सेन गे यांचे ‘हंगर’ (२०१७) हे आत्मकथन याचे उत्तर आहे. बाराव्या वर्षी झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर त्यांनी देह वाढवला तो तटबंदीसारखा. एके काळी वजन ५७७ पौंड होते. आईवडिलांना बलात्काराचा पत्ताच नव्हता. त्यांना दिसत होते ते फक्त वजन, आणि जीव तोडून ते वजनावरच उपाय करीत राहिले. माया होती, दक्षता होती, पैसाही होता. माहिती नव्हती. चरकाने रोग्याचेही गुण सांगितले आहेत, त्यात एक ज्ञापकत्व: आपले दुखणे सांगता येणे. आणि आपण सेवेला जो शब्द वापरतो त्या ‘शुश्रूषा’चा मूळ धात्वर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. गे यांच्या पुस्तकात मुलीला सांगता येत नाही आणि घरच्यांना काय ऐकायचे ते ठाऊक नाही. दोन्ही बाजू निर्दोष आणि दोन्ही बाजूंचे नुकसान. माझी आत्या हळदीच्या पोत्यांचा विनोद करायची तेव्हा ती काय सांगत होती, हे मला विचारू नका. आईने एकदा विचारले होते असे ती म्हणते. उत्तर काय मिळाले ते तिने मला सांगितलेले नाही, आणि मीही तो विषय पुन्हा काढलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका हौशी नाट्यमंडळाने ‘द व्हेल’ मराठीत करता येईल का, म्हणून मला चर्चेला बोलावले होते. चार्लीचा देह कापसाचा की फोमचा यावर दीड तास गेला. मग सँडविचच्या जागी काय आणायचे यावर: वडापाव, श्रीखंडाचा डबा, बिर्याणीचे पार्सल. शेवटी लिझ. तिला मराठीत काय म्हणायचे, हे कोणालाच सुचेना. मेलेल्या जोडीदाराची बहीण. धड मेहुणी नाही, धड नणंद नाही. आपल्याकडे सांभाळणारीला नेहमी नात्याचे नाव असते: सून, लेक, वहिनी. त्या नावाखाली तिचे काम गृहीत धरले जाते आणि तिचा दोषही. लिझला कोणतेच नाव लागू नव्हते, तरी ती रोज येत होती. दिग्दर्शकाने तिला ‘ताई’ करून टाकू असे सुचवले. लिझची भूमिका करणार होती ती मुलगी, नोकरीने खरोखरच परिचारिका, म्हणाली, ‘मग प्रेक्षक विचारणारच नाहीत, ही येते कशाला म्हणून.’ नाटक अजून उभे राहिलेले नाही.